एक वर्ष पुढे असलेली ताई

रविवार, रात्रीचे साडेदहा. लातूर.

नीटच्या (मेडिकल प्रवेश परीक्षेच्या) क्लासमधल्या टेस्टचे मार्क आधी घरच्यांच्या मोबाईलवर जातात, मग आमच्या हातात पडतात. त्यामुळे रविवारी संध्याकाळी आमच्या मजल्यावर कुणी फोन उचलत नाही, तर कुणी उचलून नुसतं 'हो पप्पा, हो पप्पा' करत असतं. आज समोरच्या रूममधली बारावीची मुलगी पेपर आणि ओएमआर उत्तरपत्रिकेची कॉपी घेऊनच माझ्याकडे आली. ७२० पैकी ३१२. "ताई, घरी काय सांगू?"

जेवलीस का विचारलं. नव्हती जेवली. माझ्याकडे घरून आलेले धपाटे होते, शेंगदाण्याची चटणी होती. ते खाऊन झाल्यावरच पेपर उघडला. (तिला विचारूनच हे लिहितेय.)

१८० प्रश्नांपैकी तिने १५८ सोडवले होते. ९४ बरोबर, ६४ चूक. उरलेले २२ सगळे बायोचे आणि ते तिने वाचलेसुद्धा नव्हते! फिजिक्सपासून सुरुवात केली, एका गणितात अडकली, तिथून घड्याळ पुढे आणि ही मागे. बायोचे ९० प्रश्न म्हणजे ३६० मार्क, निम्मा पेपर. तिला म्हटलं, बायो आधी घे, पाऊण तासात हातावेगळं कर, मग केमिस्ट्री, फिजिक्स शेवटी. मग माझी चुकांची वही दाखवली. पानावर तीन रकाने: येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. तिने तिथेच बसून आपल्या चुका त्यात मांडल्या. 'येतच नव्हतं' हा रकाना सगळ्यात लहान निघाला. मघापासून ती 'मला काहीच येत नाही' म्हणत होती. ते तिच्या तोंडून बंद झालं ते त्या पानामुळे, माझ्या समजावण्यामुळे नाही.

ही वही मला गेल्या वर्षी एका रिपीटर, म्हणजे नीट पुन्हा देणाऱ्या, ताईने शिकवली होती. आता मी स्वतः रिपीटर आहे. सर खूप शिकवतात, घरचे पोटाला चिमटा काढून पैसे पाठवतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवताना हात कसा गार पडतो, हे त्यांना मी कितीही सांगितलं तरी ऐकीव राहणार. एक वर्ष पुढे असलेल्या मुलीला ते सांगावं लागत नाही. आणि तिच्यासमोर रडलं तर ते गावापर्यंत पोचत नाही.

मार्कांवरून बॅच बदलण्याची धास्ती वेगळीच. वरच्या बॅचमधून खाली आलेली मुलगी आठवडाभर मेसमध्ये मान वर करत नाही. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय की कोचिंगवाल्यांनी मार्कांवरून बॅचेस पाडू नयेत, मुलांना चारचौघांत लाजवू नये आणि हेल्पलाइनचे नंबर वर्गात, होस्टेलवर ठळक लावावेत. हे आमच्यातल्या कितीतरी मुलींना माहीतच नाही. माहीत असायला हवं.

पण आपल्या वयाच्या मैत्रिणीने कुठवर सल्ला द्यायचा, यालाही मर्यादा आहे, आणि ती मी गेल्या हिवाळ्यात शिकले. माझी तेव्हाची रूममेट रात्र रात्र जागी असायची, डबा तसाच परत जायचा. एकदा म्हणाली, "मी नसले तर पप्पांचे पैसे तरी वाचतील." आणि लगेच, "कुणाला सांगू नकोस, तुला माझी शपथ."

मी सांगितलं. त्याच रात्री खाली जाऊन घरमालकीण काकूंना उठवलं. काकू वर येऊन तिच्याजवळ बसल्या आणि आम्ही १४४१६ ला फोन लावला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालाय, २४ तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी तिला कसलीही घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. रूममेट माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. आता परभणीला बीएस्सी ॲग्रीला आहे, अधूनमधून शेताचे फोटो पाठवते. शपथ मोडल्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

ते बळ गावाकडून आलं असावं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी. त्यात गावातल्याच पोरापोरींना 'साथिया' म्हणून तयार करतात. नववीत असताना आशाताईंनी माझं नाव दिलं होतं. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली गपचूप फेकून द्यायच्या. उपाशीपोटी घेऊ नका, जेवून घ्या, हे मी सांगितलं तेव्हा घ्यायला लागल्या, कारण मी त्यांच्याच बाकावरची. तिथेच आशाताईंनी बजावलं होतं: मैत्रिणीचं ऐकायचं, हसायचं नाही, बाहेर बोलायचं नाही. पण जिवाचा प्रश्न असला किंवा कुणी अंगाला हात लावत असलं, तर ते मोठ्या माणसापर्यंत न्यायचंच.

आज पेपर आवरताना समोरच्या मुलीने हळूच आणखी एक सांगितलं. तीन महिने पाळी आली नाहीये. रूममधल्या मुलींनी आपापले उपाय सांगून झालेत: पपई खा, तीळगूळ खा, टेन्शनने होतं, सोडून दे. मला यातलं काही कळत नाही आणि तसंच तिला सांगितलं. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक बसतात. उद्या क्लास दुपारी सुटतो, तेव्हा तिच्याबरोबर जाणार आहे. तिने आईला फोन करून हे सांगितलंय. मार्कसुद्धा सांगितले, २२ प्रश्नांच्या हिशोबासकट.

जाताना १४४१६ मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद मेसच्या फळ्यावर लावायचाय. काकूंची परवानगी घेतली आहे.