एका फॉर्मवर एकच लिंक

केबलची माहिती मागायच्या फॉर्ममध्ये 'लिंकचे नाव' या मथळ्यासमोर एकच ओळ होती. आमच्या कोअर नेटवर्कमध्ये लिंका, म्हणजे राउटरांमधले जोड, २१४. फोन करून विचारलं, "सगळ्यांची माहिती एकदम हवी असेल तर?" पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "एका फॉर्मवर एकच लिंक, सर. आणि मंजुरीला दहा वर्किंग डेज."

पीसीई (पाथ कम्प्युटेशन एलिमेंट, म्हणजे सगळ्या नेटवर्कचे रस्ते एका जागी बसून काढणारं सॉफ्टवेअर) बसवताना कुठे अडतं, असं नवीन मुलं विचारतात तेव्हा त्यांना प्रोटोकॉल, सॉफ्टवेअरचं व्हर्जन असलं काहीतरी ऐकायचं असतं. मी त्यांना हा फॉर्म सांगतो.

आधी आमच्याकडे प्रत्येक एज राउटर, म्हणजे नेटवर्कच्या कडेचा राउटर, आपापल्या टनेलचा (ठरावीक ट्रॅफिकसाठी आखलेल्या वाटेचा) रस्ता स्वतःच काढायचा. गणित जुनंच, सगळ्यात जवळचा रस्ता शोधायचं, डाइक्स्ट्राचं १९५९ सालचं, वर बँडविड्थची अट. एकेका राउटरपुरतं ते चोख चालायचं, पण शेजाऱ्याच्या मनात काय आहे ते कुणालाच ठाऊक नसायचं. समजा, दोन गावांमध्ये दहा-दहा गिगच्या दोन वाटा आहेत. एका राउटरने चार गिगचं टनेल पहिल्या वाटेवर टाकलं, दुसऱ्याने रिकामी वाट बघून आपलं चार गिगचं दुसरीवर टाकलं. मग तिसरा आठ गिग मागायला आला की एकूण बारा गिग शिल्लक असूनही त्याला जागा नाही. एसटीत दोघं अनोळखी तीन सीटच्या दोन बाकांवर एकेक खिडकी धरून बसले की तिघांच्या कुटुंबाची फाटाफूट होते, तसंच. "काका, जरा तिकडे बसता का?" म्हणणारा कंडक्टर लागतो.

पीसीई हा तो कंडक्टर. २००६ च्या आरएफसी ४६५५ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नंबर दिलेले तांत्रिक दस्तऐवज) त्याची रचना मांडली, आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं त्याचं काम चौकशीच्या खिडकीसारखंच होतं: रस्ता विचारा, सांगेल, विसरून जाईल. २०१७ मध्ये ८२३१ आणि ८२८१ आल्या आणि त्याच्या हातात वही आली. कोणतं टनेल कुठून गेलंय, किती बँडविड्थ धरून बसलंय, सगळं तो लक्षात ठेवणार. ताब्यात दिलेलं टनेल हलवणार. नवं टनेल स्वतःहून उभं करणार. त्याच वर्षी ८२८३ ने त्याला मध्यवर्ती कंट्रोलरच्या खुर्चीत बसवायची वाट काढली, आणि २०२१ च्या ९०५० मुळे राउटरांना लेबलं, म्हणजे टनेलची वाट ओळखायचे आकडे, वाटायचं कामही त्याच्याकडे देता येऊ लागलं. वाट दाखवणारा माणूस बघता बघता गावाचा सातबारा सांभाळायला लागला म्हणायचं. आणि सातबारा म्हटला की आधी जमिनीची मोजणी झालेली असावी लागते. ती आमच्याकडे नव्हती.

बसवायला दोन दिवस लागले. त्यातला अर्धा फायरवॉलमध्ये ४१८९ हे पोर्ट उघडून घेण्यात गेला. त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

पीसीई हवा होता तो मुख्यतः एका बँकेसाठी. त्यांचे पुण्यात दोन राउटर, आणि दोन्हींचे मुंबईपर्यंतचे रस्ते एकमेकांना कुठेही शिवता कामा नयेत. टनेलं दोन वेगळ्या राउटरांवरून निघतात, त्यामुळे हे कुठल्याही एका राउटरला जमत नाही. दोन्ही एका गटात टाकून पीसीईला 'यांना लांब ठेव' सांगावं लागतं. २०२० ची ८८०० त्यासाठीच आहे. त्याने क्षणात दोन रस्ते दिले. एक एक्सप्रेसवेच्या कडेच्या फायबरवरून, दुसरा जुन्या हायवेच्या. राउटर वेगळे, कार्डं वेगळी, लिंका वेगळ्या. मी स्क्रीनशॉट मॅनेजरना पाठवला, अंगठा आला.

अकराव्या दिवशी पहाटे घाटात जेसीबी लागला आणि दोन्ही टनेलं एकाच वेळी पडली.

बोरघाटात एक्सप्रेसवे आणि जुना हायवे काही अंतर एकच होतात, हे टेम्पोच्या क्लीनरलाही माहीत असतं. पीसीईला माहीत नव्हतं, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या दोन्ही केबल तिथे एकाच चरात होत्या. ज्या लिंका एका फटक्यात एकत्र मरू शकतात त्यांना एकच एसआरएलजी (शेअर्ड रिस्क लिंक ग्रुप, म्हणजे सामायिक धोक्याचा गट) नंबर द्यायचा असतो. राउटर तो आयएस-आयएस या त्यांच्या आपसातल्या प्रोटोकॉलमधून पसरवतात आणि पीसीई रस्ता काढताना तो बघतो. आमच्या २१४ पैकी एकाही लिंकवर तो नंबर नव्हता. रकाना रिकामा, म्हणजे धोका नाही, असं त्याने धरलं. त्याचं काय चुकलं?

नंबर द्यायचे तर कोणती लिंक कोणत्या चरातून जाते ते हवं. ते ट्रान्समिशन विभागाकडे. आणि तिथे तो फॉर्म.

पहिले तीन मी निमूटपणे भरले. एक परत आला, कारण 'मागणीचे कारण' पुढे चारच पर्याय होते: नवीन सर्किट, फॉल्ट, ऑडिट, इतर. मी 'इतर' वर खूण केली होती आणि 'इतर' ला दोन पायऱ्या वरच्या साहेबांची सही लागते. दुसरा परत आला, कारण आम्ही लिंक ओळखतो राउटरच्या पोर्टवरून आणि ते सर्किट आयडीवरून. मी लिहिलेलं नाव त्यांच्या रजिस्टरमध्येच नाही. तिसरा मंजूर झाला. दहाचे बारा दिवस झाले, मेल आली, सोबतच्या एक्सेल शीटमध्ये एकच ओळ: 'पुणे–मुंबई, ओएफसी, सुस्थितीत.'

मी उत्तरात जे लिहिलं ते इथे सांगत नाही. पाच मिनिटांनी ती मेल रिकॉल करायला गेलो, तर रिकॉलची वेगळी सूचना सगळ्यांना गेली आणि ज्यांनी मूळ मेल उघडलीही नव्हती त्यांनी ती आवर्जून वाचली. पुढचे पंधरा दिवस त्या विभागातून माझा फोन कुणी उचलला नाही. मॅनेजर म्हणाले, "तू तांत्रिक माणूस आहेस, तांत्रिकच राहा."

राग ओसरल्यावर एवढं कळलं की फॉर्म अगदीच बिनडोक नव्हता. तो छापला गेला तेव्हा प्रश्नच तसा यायचा: एक ग्राहक, एक सर्किट, त्याचा रस्ता कुठला? मी रस्ता विचारतच नव्हतो. मी अख्ख्या कोठाराची मोजदाद मागत होतो, आणि तीही एका मशीनला देण्यासाठी, जे उद्यापासून त्यांना न विचारता त्यातून वाटप करणार. त्यांच्या जागी मी असतो तर मीही कपाटाची किल्ली सहज दिली नसती. तरी दहा दिवस जास्तच.

सुटका झाली ती लोणावळ्याच्या फील्ड ऑफिसातल्या एका काकांमुळे. स्प्लायसिंगमध्ये, म्हणजे फायबरचे जोड करण्यात, हयात गेलेली, रिटायरमेंट तोंडावर. पुण्याहून बाकरवडीचा पुडा घेऊन गेलो. काकांनी लोखंडी कपाटातून एक गुंडाळी काढली, टेबलावर पसरली आणि चार कोपऱ्यांवर स्टेपलर, पंच, चहाचा कप आणि माझा मोबाइल ठेवला. केबलचा सरळ रेषेतला नकाशा: चेंबर, जॉइंट, मीटरमध्ये अंतरं, आणि त्यावर पेन्सिलीने केलेल्या कित्येक वर्षांच्या दुरुस्त्या. दोन रेषांवर बोट ठेवून मी म्हटलं, "या तरी वेगळ्या आहेत ना, काका?"

"वेगळ्याच आहेत. पण ओढ्यावर पूल एकच आहे ना रे. दोन्ही केबल एकाच जीआय पाइपात."

नकाशावर तो पूल म्हणजे दोन आडव्या रेघा होत्या, शेजारी पेन्सिलीने '४० मी.' मी ज्याला दोन रस्ते म्हणत होतो त्याचा सगळा जीव त्या चाळीस मीटरमध्ये होता.

आणि फॉर्म? काकांनी तो उलटसुलट बघितला, 'लिंकचे नाव' समोर लिहिलं, 'सोबतच्या यादीप्रमाणे', मागे माझी सात पानांची यादी स्टेपल केली आणि आपल्या साहेबांपुढे ठेवली. तिसऱ्या दिवशी सही. साडेतीन महिने मी डोकं आपटत होतो! आनंद झाला की लाज वाटली, अजून ठरवता आलेलं नाही.

नंतर चार शनिवार तिथे बसून २१४ पैकी १८३ लिंकांचे नंबर लावले. उरलेल्या ३१ भाड्याच्या फायबरवर; मालक रस्ता सांगत नाहीत. मग एका मालकाच्या सगळ्या लिंकांना एकच नंबर देऊन टाकला, म्हणजे दोन्ही टनेलं त्याच्याच भरवशावर जाणार नाहीत. नंबर लिंकच्या दोन्ही टोकांवर टाका. आमच्याकडे नऊ ठिकाणी एकच टोक भरलं गेलं होतं. पहिल्याच उत्साहात मी प्रत्येक चेंबरला वेगळा नंबर दिला होता, तेव्हा वेगळा रस्ता कशालाच मिळेना, कारण इमारतीत शिरणारा डक्ट सगळ्यांचा एकच. ते शेवटचे शंभरेक मीटर सोडून द्यावे लागले.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: टनेलं लगेच पीसीईच्या ताब्यात देऊ नका. निदान महिनाभर नुसतं रिपोर्टिंग ठेवा, तो काय बघतोय ते तुम्ही बघा. आणि पीसीईने स्वतः उभं केलेलं टनेल, तो मेल्यावर मुदतीत दुसऱ्या पीसीईने ताब्यात घेतलं नाही, तर राउटर काढून टाकतो. दुसरा पीसीई आधी उभा करा, मग असल्या गोष्टी करा.

आता बॅकअपवाल्या टीमला रोज रात्री ठरावीक तास बँडविड्थ राखून हवी आहे. आरएफसी ८९३४ मध्ये वेळापत्रकाची सोय आहे, ते जमेल. त्यासाठी नवीन फायबरचा तपशील मागायला परवा पुन्हा फॉर्म उघडला. आता तो ऑनलाइन झालाय. एका वेळी कमाल पाच लिंका मागता येतात, पण नाव ड्रॉपडाउनमधूनच निवडावं लागतं; 'सोबतच्या यादीप्रमाणे' लिहायला जागा नाही. काका मार्चमध्ये रिटायर झाले. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे.