साध्या ६०/५५ बल्बवरच हेडलाइटचा उजेड वाढवला, त्याचा माझा अनुभव

माझी गाडी तशी जुनी, साधे एच-फोर हॅलोजन बल्ब, म्हणजे एकाच बल्बमध्ये अप्पर पण आणि डिप्पर पण. रात्री हायवेला, त्यातही पाऊस असला की डिप्परवर रस्त्याची कडच दिसायची नाही, पांढरा पट्टा मारलेला असला तर ठीक, नसला तर समोरून गाडी आली की काही सेकंद निव्वळ अंदाजाने चालवायचं. हे धोक्याचं आहे हे कळत होतं म्हणून उजेड वाढवायचाच असं ठरवलं. मग जे जे वाचलं, मोजलं आणि करून बघितलं ते इथे लिहितेय, कारण बहुतेक जण "कुठला बल्ब घेऊ" इथूनच सुरुवात करतात आणि माझ्या बाबतीत बल्ब हा सगळ्यात शेवटचा प्रश्न निघाला.

ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारलं तर तो लगेच म्हणाला, "ताई, शंभर-नव्वद टाकून देतो, सगळे तेच टाकतात." म्हणजे १०० वॉट अप्पर, ९० वॉट डिप्पर. कंपनीचा बल्ब असतो ६०/५५. मी म्हटलं, "दादा थांबा जरा, आधी बघू वायरिंगला झेपतंय का." साधं गणित आहे, ५५ वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टला साधारण ९ अँपिअर ओढतात, १०० वॉटचे दोन लावले तर १६ च्या वर जातं. हा सगळा करंट बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो आणि त्या वायरी कंपनीने ६०/५५ धरूनच बारीक टाकलेल्या असतात. परिणाम काय तर वायर गरम, स्विचचे कॉन्टॅक्ट जळतात, बल्बमागचा प्लास्टिकचा कपलर वितळतो, आणि जास्त उष्णतेने रिफ्लेक्टरचा चकचकीत थर काळवंडतो तो परत येत नाही. शिवाय हे बल्ब ज्या देशांत युरोपीय पद्धतीचे नियम आहेत तिथे रस्त्यावर वापरायला चालत नाहीत. त्यामुळे तो पर्याय मी तिथेच सोडला.

मग मल्टिमीटर काढला. ज्यांना काहीच करायचं नाहीये त्यांनी निदान एवढं तरी कराच. इंजिन चालू, डिप्पर चालू, आणि बल्बला कपलर लावलेलाच ठेवून त्याच्या मागच्या बाजूने प्रोब घालून व्होल्टेज बघायचं. बल्ब काढून रिकाम्या कपलरवर मोजलं तर काही कळत नाही, लोड नसला की पूर्ण बॅटरीचं व्होल्टेज दिसतं आणि वाटतं सगळं झकास आहे. माझ्याकडे बॅटरीवर १४.१ होतं आणि बल्बपाशी पोचत होतं १२.३. जवळजवळ १.८ व्होल्ट वाटेतच गायब! त्यातले १.४ पॉझिटिव्हच्या बाजूला आणि ०.४ अर्थिंगमध्ये. अर्थिंग कसं मोजायचं तर एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरा बल्बच्या अर्थ पिनला, लाइट चालू ठेवून. जे दिसेल तेवढं तिकडे वाया जातंय.

आता १.८ व्होल्टने काय एवढं बिघडतं असं वाटेल, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, साधारण ३.४ व्या घाताने होतो. बल्बचे आकडे १३.२ व्होल्टला दिलेले असतात, एच-फोरला डिप्पर १००० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे बल्बमधून निघणारा एकूण उजेड) आणि अप्पर १६५० ल्युमेन. मला १२.३ मिळत होतं म्हणजे हजारातले सुमारे ७९० च. नवीन बल्ब टाकला असता तरी त्याला पण तेच १२.३ मिळालं असतं, मग फरक कुठून दिसणार.

मध्ये एका मैत्रिणीच्या भावाने त्याचे एलईडी बल्ब ट्रायलला दिले. लावून भिंतीवर बघितलं. हॅलोजनचा डिप्पर भिंतीवर एक स्पष्ट रेघ पाडतो, वर अंधार खाली उजेड, आणि आपल्या बाजूच्या कडेकडे तो उजेड थोडा वर चढत जातो. एलईडीने ती रेघ विस्कटून टाकली, वर भरपूर उजेड सांडला, तोच समोरच्याच्या डोळ्यात जाणार. कारण सोपं आहे, एच-फोरच्या डिप्पर फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते, ती उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर जाऊ देते, आणि रिफ्लेक्टरचा आकार त्या फिलामेंटची नेमकी जागा धरूनच काढलेला असतो. एलईडीची उजेड देणारी चिप एखादा मिलिमीटर इकडेतिकडे असली की सगळा हिशोब चुकतो. रस्त्यावर नेलं तर गाडीच्या पुढचे दहा-पंधरा मीटर लख्ख दिसले, पण लांबचं उलट कमी दिसायला लागलं, कारण जवळ फार प्रकाश असला की बाहुली आकसते. सगळे एलईडी असेच असतात असं मी म्हणत नाही, जर्मनीत २०२० पासून काही ठरावीक एलईडी बल्बना ठरावीक मॉडेलच्या गाड्यांसाठी मंजुरी मिळालेली आहे, तुमची गाडी तशा यादीत असेल आणि तुमच्या देशात चालत असेल तर जरूर घ्या. माझी नव्हती. एचआयडी (म्हणजे झेनॉन गॅसवाले) किटचा तर विचारच केला नाही, हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये ३००० च्या आसपास ल्युमेन ओतायचे म्हणजे समोरच्याला आंधळं करणंच झालं, युरोपात २००० ल्युमेनच्या वरच्या बल्बना दिव्याचा झोत आपोआप वरखाली करणारी यंत्रणा आणि दिव्याची काच धुणारे वॉशर सक्तीचे केले ते काही उगीच नाही.

तर मी काय केलं, आधी काचा. काच म्हणतो आपण, पण ते पॉलिकार्बोनेट असतं, वरचा यूव्हीचा थर गेला की पिवळट धुरकट होतं आणि उजेड अडतोही आणि विखुरतोही. आजूबाजूच्या पत्र्याला मास्किंग टेप लावली, ८०० च्या वॉटर पेपरने पाणी मारत मारत घासलं, मग १५००, मग २०००, मग ३०००. घासताना काच आणखी पांढुरकी होते ते बघून घाबरू नका, प्रत्येक पेपरने आधीच्या पेपरचे ओरखडे जाईपर्यंत घासायचं, घाई केली तर शेवटी कंपाउंड मारल्यावर ते ओरखडे दिसतात. त्यानंतर पॉलिशिंग कंपाउंड आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वरून यूव्हीपासून वाचवणारा क्लिअर कोट. तो न मारता सोडलं तर काही महिन्यांत परत पिवळं. टूथपेस्टने घासायचे व्हिडिओ खूप आहेत, त्याने तात्पुरतं चमकतं एवढंच.

मग रिले हार्नेस, म्हणजे रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि जाड वायरी यांचा जोडलेला संच. हा माझ्या मते या सगळ्यातला खरा बदल आहे. कल्पना अशी की बल्बला करंट थेट बॅटरीवरून जाड वायरने द्यायचा आणि जुन्या वायरिंगने फक्त रिले चालू-बंद करायचा. रिलेच्या कॉइलला अर्धा अँपिअरही लागत नाही, त्यामुळे स्विचवरचा ताण जवळजवळ संपतोच. एक रिले डिप्परला, एक अप्परला. रिलेवर नंबर असतात, ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ मधून बल्बकडे, ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं, एकाला जुन्या कपलरमधून आलेला सिग्नल आणि दुसऱ्याला अर्थ. २.५ स्क्वेअर एमएमची वायर घेतली, बल्बकडचे होल्डर सिरॅमिकचे, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज लांब असला तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा कुठे घासून शॉर्ट झाला की त्याला वाचवणारं काही नसतं आणि आग लागते, म्हणून यात तडजोड नको. सिग्नल एकाच बाजूच्या जुन्या कपलरमधून घेतला, दुसरा कपलर रिकामा राहतो त्याला टेप गुंडाळून पाणी जाणार नाही असा बांधून टाकला. अर्थिंगसाठी बॉडीवरचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस.

इथे एक गोष्ट आवर्जून बघा. काही जपानी गाड्यांमध्ये उलटं असतं, बल्बला पॉझिटिव्ह कायम मिळत असतं आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो. तिथे साधा हार्नेस जसाच्या तसा लावला तर चालत नाही. आधी मीटरने कपलरच्या तिन्ही पिना तपासा, कुठली कधी लाइव्ह होते ते कागदावर लिहा आणि मगच हार्नेस मागवा. आणि नवीन गाड्या ज्यात लाइट कॉम्प्युटरवरून चालतात, बल्ब गेला तर डॅशबोर्डवर मेसेज येतो, त्यात हे स्वतः करू नका, माहितगाराकडूनच करून घ्या.

हार्नेस लावल्यावर मोजलं तर बल्बपाशी १३.७. बल्ब तोच, जुनाच, आणि हिशोबाने उजेड ४० टक्क्यांच्या वर वाढला. संध्याकाळी लाइट लावला तेव्हा रंगातला फरकही दिसला, आधीचा तांबूसपणा गेला होता. त्या इलेक्ट्रिशियन दादांनी स्वतः बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे पहिलं करायला पाहिजे होतं सगळ्यांनी." वायरिंगचं फिनिशिंग त्यांनीच करून दिलं आणि फार नीट करून दिलं. याची दुसरी बाजू पण सांगते, व्होल्टेज वाढलं की बल्बचं आयुष्य घटतं, ५ टक्के वाढलं तर साधारण निम्मं होतं, त्यामुळे एक स्पेअर बल्ब गाडीत असू द्या.

आता बल्ब. खोक्यावर +१००%, +१५०% लिहिलेलं असतं ते एकूण उजेडाचं नसतं. नियमात बसणाऱ्या एच-फोरचे ल्युमेन ठरलेल्या आकड्यापेक्षा फार तर १५ टक्के वरखाली असू शकतात. ती टक्केवारी बीममधल्या काही ठरावीक जागांची असते आणि तुलना नियमातल्या किमान मर्यादेशी असते. फिलामेंट जास्त आखूड आणि नेमकं गुंडाळलेलं असल्याने लांबवर जास्त उजेड पडतो, हे खरंय, फक्त ते लवकर जातात. निळसर काचेचे "व्हाइट" बल्ब मी टाळले, निळा थर काही उजेड स्वतःच खाऊन टाकतो. साध्या पारदर्शक काचेचे, ६०/५५ चे, E चा शिक्का (युरोपीय नियमांप्रमाणे मंजुरीची खूण) असलेले घेतले. लावताना काचेला बोट लागू द्यायचं नाही, त्वचेचं तेल लागलेल्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो, लागलंच तर स्पिरिटने पुसा. खाचांमध्ये बल्ब नीट बसलाय ना, तारेची क्लिप अडकलीय ना आणि मागचं रबर पूर्ण चढलंय ना हे हाताने चाचपून बघा, तिरका बसलेला बल्ब कितीही चांगला असला तरी फोकस वाकडाच देतो.

शेवटी फोकस, आणि हा तर बहुतेकांचा कधी तपासलेलाच नसतो. सपाट जागा, समोर भिंत १० मीटरवर, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसलेलं, लेव्हलर (दिव्याचा झोत वरखाली करायचं बटण) शून्यावर. माझ्या बल्बचा मध्य जमिनीपासून ६५ सेंमीवर आहे, भिंतीवर त्या उंचीची रेघ मारली आणि तिच्याखाली १० सेंमीवर दुसरी. डिप्परची वरची कड या दुसऱ्या रेघेवर यायला पाहिजे, म्हणजे दर १० मीटरला १० सेंमी उतरत बीम ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. माझा एक दिवा पहिल्या रेघेच्या २० सेंमीपेक्षा जास्त खाली होता, म्हणजे तो फक्त ३० मीटरपर्यंत पोचत होता! दुसरा पहिल्या रेघेच्याही वर, म्हणजे तो समोरच्यांना त्रास देत होता. मागचे स्क्रू थोडे थोडे फिरवून, एक दिवा झाकून दुसरा, असं करत दोन्ही बसवले. झाकलेला दिवा फार वेळ तसा ठेवू नका, तापतो.

८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तीसेक मीटर संपतात आणि पुढे थांबायला कोरड्या रस्त्यावरही तेवढेच लागतात. त्या ३० मीटरवाल्या दिव्याने मी काय बघत होते देव जाणे.

आता पावसात कडेची माती आणि डांबर वेगळं दिसतं, सायकलवाला वेळेत दिसतो, आणि समोरून येणारे अप्पर मारून तक्रार करत नाहीत. मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत सामान असलं की नाक वर होतं, तेव्हा निघण्याआधी लेव्हलर एक-दोन घर खाली करते, आणि सर्व्हिसिंगनंतर दरवेळी भिंतीसमोर गाडी लावून दोन्ही रेघा बघून घेते, कारण बल्ब बदलताना किंवा बंपर काढताना कोणी ना कोणी तो स्क्रू फिरवलेला असतो.