कोपरावरचे दोन डाग

“कण्यात सुई घातलीनी ना रे? आता जाळं ओढवेल तुला?”

हर्णै बंदरावर लिलाव चालू असताना मावशीने दादाला विचारलं. डोळे भरलेले.

दादाने बाह्या वर केल्या. दोन्ही कोपरांच्या खळग्यात एकेक काळानिळा डाग, रुपयाएवढा.

ताईला रक्ताचा कॅन्सर आहे. तिला दुसऱ्याच्या मूळपेशी (रक्त तयार करणाऱ्या पेशी) हव्या होत्या, त्यासाठी पेशींचा प्रकार जुळावा लागतो. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के. माझं जुळलं नाही (ते अजून सलतं), दादाचं जुळलं. मुंबईत चार-पाच दिवस इंजेक्शनं घेतली, त्यामुळे हाडांच्या मज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरतात. कंबर ठणकली, अंग कसकसलं. मग काही तास पडून राहायचं: एका हातातून रक्त मशीनमध्ये, मूळपेशी वेगळ्या काढून बाकीचं दुसऱ्या हातातून परत.

मावशी त्या डागांवरून बोट फिरवत राहिली. “एवढंच?”

मला मात्र वॉर्डातला तो मुलगा आठवला, ताईच्या शेजारच्या खाटेवरचा. त्याच्या भावाचं जुळलं होतं. घरच्यांनी त्या भावाला पाठवलंच नाही, कणा कायमचा जाईल म्हणून.

त्यांच्या घरी कुणी अशी बाही वर करून दाखवली असती तर?