एकविसावी

आमच्या शिक्षण खात्यात वर्षाला दोन सण. एक 15 जून, दुसरा 30 सप्टेंबर. पहिल्या दिवशी पोरांना फुलं देऊन बैलगाडीतून मिरवतात, दुसऱ्या दिवशी त्यांना मोजतात.

मी केंद्रप्रमुख आहे, बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका केंद्राचा. 1994 साली हे पद निघालं तेव्हा साधारण दहा शाळांमागे एक असा हिशेब होता. माझ्याकडे अकरा आहेत, आणि शेजारच्या केंद्राची खुर्ची रिकामी असल्यानं तिथल्या नऊ वरून. 30 सप्टेंबरला शाळेचा जो पट, त्यावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर त्याचा कागद, आणि संचमान्यतेवर शिक्षक. म्हणून त्या दिवशी माझा फोन सकाळी सहालाच गरम होतो.

2024 चा 30 सप्टेंबर सोमवारी आला होता. पितृपंधरवडा चालू होता. घरोघरी पित्तरं, त्यामुळं शाळा अर्ध्या ओस. तांड्यावरच्या सरांनी मात्र घरोघरी फिरून सगळी पोरं वर्गात आणून बसवली होती. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट एकवीस. हा आकडा मला झोपेतही आठवतो, कारण त्याच वर्षीच्या 15 मार्चच्या शासन निर्णयानं वीसपर्यंत पटाच्या शाळेला एकच नियमित शिक्षक ठेवला. गरज वाटली तर दुसरा सेवानिवृत्तांतून घ्या म्हणे. आमच्या डोंगरात सेवेतला माणूस टिकत नाही, तिथं सेवानिवृत्त कुठून चढून येणार?

एकवीस म्हणजे काठावर पास. पण पोर्टलवर वीसच दिसत होते. तिसरीतल्या एका पोरीचं आधार जुळत नव्हतं. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, आणि लिंग 'पुरुष'. कुणीतरी कधीतरी घाईत चुकीची कळ दाबली असणार. आधार जुळलेलं पोरच पटात धरायचं असा दंडक असल्यानं ही पोरगी समोर पाटीवर बेरीज करत होती तरी मोजणीत नव्हती.

मॅडम त्या वेळी खिचडीचा तांदूळ मोजून देत होत्या. पहिली ते पाचवीला पोरामागं शंभर ग्रॅम. वजनकाट्यावर दोन किलो, मग वर एक मूठ, थोडा परत, आणि काटा दोन किलो शंभरावर थांबला. म्हणजे पोषण आहाराच्या वहीत ती पोरगी होती. तिच्या वाटणीचे शंभर ग्रॅम सरकारला मान्य होते. वीस धरले तर ज्यांना तांडा सोडावा लागणार होता, त्या मॅडमच. तांदूळ पातेल्यात ओतून त्या पहिलीच्या वर्गात गेल्या. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

इथं जरा मागं जातो. 2011 च्या ऑक्टोबरात, 3 ते 5 तारखेला, राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा मी शिक्षक होतो. पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती. आमच्या वर्गातली पोरं दोन दिवस ती बोटं मिरवत होती. तेव्हा पटावर खोटी पोरं सापडली, लाखांनी, आणि खात्याची अब्रू गेली. ते व्हायलाच हवं होतं. पण त्या भीतीतून उभी राहिलेली यंत्रणा आता खरं पोर समोर उभं असलं तरी आधी कागद दाखव म्हणते.

सरांना म्हटलं, "आधार केंद्र उघडं असेल. चला, बघू." पोरीच्या घरी गेलो. आजी ओसरीत बसली होती. मी सांगितलं, कागदावर ती मुलगा म्हणून लागलीय, दुरुस्त करावं लागेल. आजीनं पोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "पोरगी हाय का पोरगा, ते बघाया तालुक्याला जायचं व्हय?" पोरगी लाजून याडीच्या, म्हणजे आईच्या, पदरामागं गेली. घरात ही बंजारा माणसं त्यांची गोरमाटी बोलतात. मराठी पोरांना शाळेतच भेटते. पहिलीला 'भाकरी' शब्द शिकवायचा तर आधी 'बाटी' म्हणावं लागतं, हे सरांनीच मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं.

दोन गाड्यांवर आम्ही चौघं निघालो, पोरगी तिच्या बापामागं. रस्त्यात डांबरी फाट्यावरची आमची दुसरी शाळा लागते. केंद्राच्या निकालाच्या तक्त्यात ती नेहमी हिरवी, तांडा नेहमी लाल. बैठकीत मला विचारतात, "तांड्यावर काय अडचण आहे?" फाट्यावरच्या घरांना विहिरीचं पाणी आहे, माणसं गाव सोडत नाहीत. तिथंही एक गंमत आहे. तिसरीत नऊ मुली, तीन मुलगे. भाऊ पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेत, बहीण आमच्याकडं. तरी आकडे चांगले येतात, कारण ती पोरं जूनपासून एप्रिलपर्यंत एकाच वर्गात बसतात. तांड्यावर दिवाळीनंतर एकविसातली दहा-अकराच उरतात. बाकीची आई-बापांच्या कोयत्यामागं, ऊसतोडीला. जुलैची पायाभूत चाचणी एका शाळेची आणि एप्रिलची संकलित दुसऱ्याच शाळेची असावी, असा तो निकाल. सरासरी काढणाऱ्याला त्याचं काय?

आधार केंद्रात दोन तास गेले. नेट येत-जात होतं. पोरीनं अंगठे दिले, फोटो दिला. पन्नास रुपये सरांनी भरले. पावती मिळाली. "दुरुस्ती कधी दिसेल?" म्हटलं, तर ऑपरेटर म्हणाला, "दिसेल सर, आठ-पंधरा दिवस धरा." माझ्याकडं संध्याकाळपर्यंतचा वेळ होता.

बाहेर टपरीवर चहा घेताना पोरीचा बाप सहज म्हणाला, "मुकादमाची उचल घेतली सर. दसरा झाला की निघायचं." सरांनी विचारलं, "हिला आजीपाशी ठेवताय ना? हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव घालतो, जेवणाची सोय होते." तो बशीतला चहा हलवत राहिला. "आजीला आता नीट दिसत नाही. बारकं पोरगं कुणी बघायचं फडात? आमचा दोघांचा एक कोयता, हिची माय मोळ्या बांधती."

सर काहीच बोलले नाहीत. मीही नाही. सकाळपासून जिला एकविसावी करायला धावत होतो, तिची महिन्याभरानं उसाच्या फडात कडेवर भाऊ घेऊन दिवस काढायची सोय आधीच झालेली होती. पोरगी बिस्किटाचा पुडा उलटा धरून त्यावरचं वाचत होती. उलटा धरूनही तिला वाचता येत होतं, हे मी बघितलं.

तांड्यावर परतल्यावर सरांनी वर्गातला तक्ता दाखवला. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, असे चार रकाने, आणि त्याखाली पोरांची नावं. रकाने शाईनं, नावं पेन्सिलीनं. का, तर सर म्हणाले, "जूनला परत आली की एकेक रकाना खाली उतरवावी लागतात, सर. शाईनं लिहिली तर दरवर्षी नवा कागद लागेल." कागद कडेला खोडून खोडून पातळ झाला होता.

रात्री नऊला शीट भरलं. त्या शाळेपुढं वीस लिहिलं. पावतीचा फोटो सोबत जोडून वर पाठवला. उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. आधारची दुरुस्ती पुढं झाली, तोवर ती मोजणी संपलेली होती. संचमान्यता हातात आली तेव्हा तिच्यात तांड्यापुढं एकच शिक्षक होता. एकटा शिक्षक म्हणजे चार वर्ग, खिचडीचा हिशेब, मतदार यादीचं काम आणि माझ्या बैठका. बैठक असली की शाळेला कुलूप. आता मी तांड्याला शक्यतो फोनवरच माहिती विचारतो.

टोळी निघाली त्या सकाळी सर तांड्यावर होते. पोरीच्या दप्तरात त्यांनी शिक्षण हमी कार्ड ठेवलं. कामाच्या ठिकाणी जवळच्या शाळेत दाखवायचं, म्हणजे तिथं बसू देतात. यंदा कारखाना कुठला, असं विचारलं तर बाप ट्रॅक्टरवरून म्हणाला, "कर्नाटकात, सर." कार्ड मराठीत आहे.

तक्त्यावर 'परिच्छेद'खाली तिचं नाव अजून आहे. सरांनी खोडलेलं नाही. जूनमध्ये बघू, म्हणाले.