शनिवारची दुपार

सांगलीत विश्रामबागेतल्या एका खोलीत दर शनिवारी दुपारी मेंदूत गाठ असलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जमतात. थोरल्या भावाच्या आजारपणानंतर, गेली चार वर्षे, मी तिथे स्वयंसेवक म्हणून जातो. काम साधे आहे: ऐकणे, कागद लावून देणे, चहा करणे.

सर्वाधिक वेळ डेक्सामेथासोनवर जातो. गाठीभोवतीची सूज उतरवणाऱ्या या औषधाने डोकेदुखी बहुधा थोड्याच दिवसांत ओसरते, पण भूक आणि रक्तातील साखर वाढते, झोप उडते, स्वभाव चिडका होतो. आणि "हे पूर्वी असे नव्हते हो," म्हणत एखादी पत्नी रडू लागते, तेव्हा यात औषधाचाही वाटा असू शकतो, एवढे कळणेसुद्धा तिला धीर देते. बरे वाटले म्हणून ही गोळी परस्पर बंद करू नये, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो, कारण हे औषध स्टेरॉइड आहे, आणि त्याच जातीच्या, शरीराला लागणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची शरीरातली निर्मिती तोवर मंदावलेली असू शकते. डोस ठरवणे मात्र डॉक्टरांचेच काम.

परळच्या टाटा रुग्णालयात निघालेल्यांना महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या तिकिटाइतकीच बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (तपासणीसाठी काढलेल्या गाठीच्या तुकड्याचे काचपट्टीवरचे आणि मेणात जपलेले नमुने) यांची आठवण करून द्यावी लागते.

गेल्या महिन्यात तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराने विचारले, "दादा, ग्रेड चार म्हणजे चौथी स्टेज ना?" मेंदूतल्या गाठींना स्टेज नव्हे, 1 ते 4 अशी, गाठ किती आक्रमक आहे ते सांगणारी श्रेणी (ग्रेड) देतात, हे मी सांगितले. पुढचे त्याने विचारले नाही, मीही बोललो नाही. ऑक्टोबरची छाटणी यंदा कोणाकडून करून घ्यावी, यावर मात्र आम्ही अर्धा तास बोललो.