आमची वाटचाल : आग समोर, पाणी मागे

आमचे वडील, अण्णा, मुंबईच्या एका कापड गिरणीत बॉयलरखात्यात होते. गिरणीचा बॉयलर लँकेशायर जातीचा. आडवं मोठं नळकांडं, त्याच्या पोटातून आरपार गेलेल्या दोन रुंद नळ्या, नळ्यांभोवती पाणी, नळ्यांच्या तोंडाशी जाळी आणि जाळीवर कोळसा. विल्यम फेअरबेर्न यांनी १८४४ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना गिरणगावात सव्वाशे वर्षांनंतरही वाफ देत होती. अण्णा दुरुस्तीवर. बॉयलर थंड झाला की मॅनहोलमधून आत उतरायचं, हातोडीने ठोकून प्लेटचा आवाज ऐकायचा, पाण्यातल्या क्षारांची पपडी खरवडायची, गळणारे सांधे दुरुस्त करायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वर्ष गेलं, गिरणी काही उघडली नाही. गिरणगावातली कोकणातली किती घरं तेव्हा गावाकडे परतली, त्यातलं एक आमचं.

चिपळूणला खेर्डीत एक शेड भाड्याने घेतली. वेल्डिंग मशीन, गॅस कटर आणि बॉयलरच्या बारीक नळ्यांची (ट्यूबची) तोंडं फुगवून घट्ट बसवायचा, मुंबईहून आणलेला ट्यूब एक्सपांडर, एवढ्यावर सुरुवात. लोट्याला रासायनिक कारखाने उभे राहत होते आणि प्रत्येकाकडे बॉयलर होता. पहिली बरीच वर्षं आम्ही फक्त दुसऱ्यांनी केलेले बॉयलर दुरुस्त केले. आज मागे वळून बघताना वाटतं, तेच आमचं खरं शिक्षण. कुठला बॉयलर कुठे हरतो हे त्याच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही. मी रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनात डिप्लोमा केला. तिथे सूत्रं शिकलो. ती सूत्रं कशासाठी आहेत, ते अण्णांनी शिकवलं.

पहिला धडा त्यांनी शेडमध्येच दिला होता. पळसाच्या पानाचा द्रोण घेतला, त्यात पाणी भरलं आणि विटांवर ठेवून खाली ज्योत लावली. पाणी उकळलं, द्रोणाचा तळ शाबूत राहिला. पाण्याच्या वर आलेली कड मात्र करपली. "बॉयलरचं सगळं डिझाइन एवढंच आहे," ते म्हणाले. "जिथे पाणी टेकतं तिथे आग काही करू शकत नाही. पाणी सुटलं की लोखंडसुद्धा पान."

पुढे आम्ही स्वतः बॉयलर करायला घेतले तेव्हा हेच समजावणं सगळ्यात कठीण गेलं. वेंगुर्ल्याकडचे एक काजू कारखानदार अण्णांना म्हणाले, "पत्रो वायच जाड घाला, टरफलांची आग कडक आसता." बहुतेक गिऱ्हाइकांचं म्हणणं हेच असतं: आग मोठी, तर प्लेट जाड. त्यांना आम्ही कागदावर हिशोब मांडून दाखवतो, तो इथेही देतो.

दर चौरस सेंटिमीटरला सात किलो दाबाला पाणी सुमारे १७० अंश सेल्सिअसला उकळतं. भट्टीत ज्वाळेचं तापमान हजार अंशांच्या वर असतं. पण प्लेट या दोन्हींच्या मध्यावर बसत नाही, ती पाण्याच्या जवळ राहते, कारण उकळतं पाणी उष्णता फार वेगाने उचलून नेतं. जिथे आग सर्वात जोरात लागते तिथे दर चौरस मीटरला दीडशे किलोवॅट उष्णता येते असं धरा. पाण्याच्या बाजूने प्लेट पाण्याहून दहाएक अंश गरम, म्हणजे १८०. दहा मिलिमीटर जाडीतून एवढी उष्णता जायला आणखी तीसएक अंशांचा फरक लागतो. म्हणजे आगीच्या बाजूचं लोखंड साधारण २१० अंशांवर. या तापमानाला बॉयलर प्लेट अगदी निवांत असते. आता जाडी दुप्पट करा. आगीची बाजू आणखी तीस अंशांनी तापली आणि दोन बाजूंतला फरकही दुप्पट झाला. एक बाजू जास्त पसरू पाहते, दुसरी तिला धरून ठेवते, आणि रोज पेटवण्या-विझवण्यात हा ताण पुन्हा पुन्हा येतो. जाडी दाबासाठी जेवढी लागते तेवढी द्यायचीच, गंजासाठी थोडी वरकड द्यायची. आगीच्या भीतीने नाही.

हाच हिशोब पपडी धरून करा. लोखंडातून उष्णता जितक्या सहज जाते त्याच्या साधारण पन्नासाव्या हिश्श्यानेच ती कॅल्शियमच्या क्षारांच्या थरातून जाते. फक्त एक मिलिमीटर पपडी साचली तर तेवढ्यासाठी दीडशे अंशांचा फरक लागतो. २१० ची प्लेट ३६० वर जाते. दोन मिलिमीटर झाली की ५१० च्या आसपास. साध्या कार्बन स्टीलची ताकद चारशेच्या पुढे झपाट्याने उतरते. वरून सतत दाब असला की तापलेली प्लेट हळूहळू आत ओढली जाते. पपडीत सिलिका असेल तर याहून वाईट.

राजापूरच्या बाजूला अशी एक भट्टी आम्ही पाहिली होती. बॉयलर दुसऱ्यांनी केलेला, कारागिरी चांगली, प्लेट भरपूर जाड. मालक म्हणाले, वाफ कमी येते, लाकूड जास्त जातं. आत बॅटरी मारली तर जाळीच्या बरोबर वर, डोक्याकडच्या भागाला ताटाएवढा फुगवटा खाली उतरलेला. मागच्या हँडहोलमधून हात घालून पाण्याच्या बाजूला चाचपलं तर तिथे पांढरी, कडक पपडी; छिन्नीशिवाय निघेना. फुगवट्याच्या मध्यावर मात्र ती आपोआप सुटलेली. लोखंड वाकलं तेव्हा निसटली असणार. भट्टीचा तो भाग कापून नवा बसवला. पण त्याआधी त्यांच्या विहिरीचं पाणी तपासून घेतलं आणि सॉफ्टनर (पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र) बसवल्याशिवाय बॉयलर पेटवायचा नाही असं लेखी दिलं.

काजूच्या बॉयलरला पाण्याचा त्रास इतर कारखान्यांपेक्षा जास्त का होतो, हे इथे सांगायला हवं. आमरसाच्या कारखान्यात वाफ कढईच्या जॅकेटमध्ये, म्हणजे दुहेरी भिंतीतल्या पोकळीत जाते, तिथे थंड होऊन पाणी बनते आणि ते पाणी परत बॉयलरला आणता येतं. त्यात क्षार नसतात. काजूत तसं होत नाही. वाफ थेट कुकरमध्ये, बियांवर सोडतात. परत काही येत नाही. जेवढी वाफ गेली तेवढं नवं पाणी. तासाला तीनशे लिटर, दिवसाला आठ तास, आणि पाण्याचा कठीणपणा लिटरला दोनशे मिलिग्रॅम धरला तर रोज जवळजवळ अर्धा किलो क्षार बॉयलरच्या पोटात उतरतात. वाफ निघून जाते, ते तिथेच राहतात.

शिवाय आपलं पाणी गावागणिक बदलतं. जांभ्याच्या कातळातलं विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्ल. ते पपडी करत नाही, पण त्यातला प्राणवायू प्लेटला बारीक खड्डे पाडतो. खाडीकाठच्या आणि किनाऱ्यावरच्या विहिरी एप्रिल-मे मध्ये खारट होऊ लागतात, आणि काजू-आंब्याचा हंगाम नेमका तेव्हाच. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, खारटपणा काढत नाही. अशा ठिकाणी आम्ही ब्लो डाऊन, म्हणजे बॉयलरमधलं क्षार साचलेलं पाणी अधूनमधून सोडून देणं, वाढवायला सांगतो आणि शक्य असेल तिथे पावसाचं पाणी टाकीत साठवून ते यात मिसळायला लावतो. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात मे मध्ये खारं पाणी उकळत बसणं, हे मला कधीच पटलेलं नाही.

नवे बॉयलर करायला परवानगी मिळवणं सोपं नव्हतं, आणि ते तसंच असावं. १९२३ चा बॉयलर कायदा आणि १९५० चे नियम यांच्या चौकटीत ड्रॉइंग मंजूर करून घ्यायचं, प्लेटचं मिलचं प्रमाणपत्र जोडायचं, वेल्डरची परीक्षा द्यायची, शेवटी चालवायच्या दाबाच्या दीडपट दाबाने पाण्याची चाचणी. आता २०२५ पासून नवा कायदा आला आहे. आम्ही मुख्यतः लहान औद्योगिक बॉयलर करतो, पाचशे लिटर आणि सात किलोच्या आतले. बाष्पके संचालनालयाच्या कागदपत्रांत गेलेला वेळ कधी वाया गेला असं वाटलं नाही. दाबाखालची वाफ घराघराच्या शेजारी चालते. तिथे कोणीतरी आपलं काम तपासणं गरजेचं आहे.

डिझाइन करताना भट्टीच्या नळीकडे आम्ही सर्वात जास्त वेळ देतो. बाहेरच्या शेलला, म्हणजे मोठ्या नळकांड्याला, दाब आतून असतो, तो गोल व्हायलाच बघतो. भट्टीच्या नळीला दाब बाहेरून असतो. ती जराशी लंबगोल झाली की दाब तो लंबगोलपणा वाढवतच नेतो आणि एका क्षणी नळी चेपते. डॅनियल अ‍ॅडमसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भट्टीच्या तुकड्यांना कॉलर काढून जोडायची पद्धत आणली, सॅम्सन फॉक्स यांनी १८७७ मध्ये लाटेरी भट्टीचं पेटंट घेतलं, ते या चेपण्यावर उपाय म्हणूनच. आमच्या छोट्या मापाला साधी नळी चालते, पण तिची गोलाई आम्ही रोलिंगनंतर आणि वेल्डिंगनंतर, दोन्ही वेळा मोजतो. लाकडी काठीला दोन टोकांना खिळे ठोकून केलेलं माप आत फिरवत न्यायचं. जिथे ते अडकतं किंवा सैल पडतं तिथे खडूची खूण. अण्णांची ही काठी आजही वापरात आहे.

दुसरी जागा मागच्या ट्यूब प्लेटची, म्हणजे ट्यूबची टोकं जिच्या छिद्रांत बसवतात त्या प्लेटची. भट्टीतून निघालेला तप्त वायू वळून ट्यूबमध्ये शिरतो तिथे. ट्यूबचं टोक प्लेटच्या बाहेर पाच-सहा मिलिमीटर राहिलं तरी त्या टोकाला मागे पाणी नाही. ते जळतं, चिरतं आणि चीर दोन छिद्रांमधल्या प्लेटमध्ये शिरते. म्हणून आमच्याकडे टोकं घासून प्लेटच्या बरोबरीला आणतात, मग सील वेल्ड. आमचे जुने फिटर काका प्रत्येक तोंडावरून अंगठा फिरवतात, आणि त्यांच्या अंगठ्याला काही लागलं तर ग्राइंडर परत सुरू होतो. घाईच्या हंगामातसुद्धा त्यांना कोणी थांबवत नाही.

लांबी वाढण्याचंही बघावं लागतं. भट्टी शेलपेक्षा जास्त तापते. तीन मीटरची नळी शेलहून शंभर अंशांनी जास्त गरम झाली तर साडेतीन मिलिमीटर जास्त लांबते. दोन्ही टोकांच्या प्लेटना आधाराच्या ताठ पट्ट्या अगदी भट्टीलगत मारल्या तर ती वाढ जाणार कुठे? पट्ट्या आणि भट्टी यांच्यात मोकळी जागा सोडायची, म्हणजे टोकाची प्लेट थोडी लवू शकते.

काजूच्या टरफलाने आम्हाला भट्टीचा आकारच बदलायला लावला. त्यातल्या तेलामुळे ज्वाळा लांब उठते. लाकडासाठी केलेल्या बुटक्या भट्टीत टरफल जाळलं तर ज्वाळा न संपता ट्यूबमध्ये शिरते, काजळी धरते आणि चिमणीत चिकट काळा चीक थिजतो. आम्ही जाळी खाली घेतली, वरची पोकळी वाढवली आणि ज्वाळेच्या उंचीवर बाजूने हवेची वेगळी भोकं दिली. त्यामुळे तेलाची वाफ भट्टीतच जळून संपते. दाराभोवती आणि जाळीच्या कडेला, जिथे मागे पाणी देताच येत नाही, तिथे आयएस-८ दर्जाच्या, आग सोसणाऱ्या भट्टीविटा. वीट ही आमच्यासाठी नाइलाजाची जागा आहे. जिथे पाण्याची भिंत देता येते तिथे आम्ही वीट घालत नाही.

२२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणकर विसरणार नाहीत. आमच्या शेडमध्ये पाणी होतं, ग्राहकांचे बॉयलर गाळात होते. पाणी ओसरल्यावर प्रत्येकाला कारखाना उभा करायची घाई, आणि ती मला पूर्ण समजत होती. पण भिजलेल्या भट्टीविटा आणि कास्टेबल (काँक्रीटसारखं ओतलेलं भट्टीचं अस्तर) एकदम पेटवले तर आतलं पाणी वाफ होऊन तुकडे उडतात. आमची माणसं, ज्यांच्या स्वतःच्या घरात चिखल होता, ती जागोजागी जाऊन आधी गाळ काढत, बर्नर आणि वायरिंग सोडवत, मग मूठभर लाकडांचा मंद जाळ लावून विटांचं तापमान शंभर-सव्वाशेच्या आसपास तासन् तास धरून ठेवत. विटांतून वाफ यायची थांबली की मगच पुढे. त्या पावसात आम्ही एकही नवा बॉयलर केला नाही. तेव्हा जोडलेली नाती आजही कामाला येतात, आणि त्या माणसांचं ऋण आमच्या शेडवर आहे.

पावसाळ्यात हंगामी बॉयलर बंद असतो तेव्हाच तो जास्त गंजतो, हे पुष्कळांना अजून खरं वाटत नाही. राखेतले क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि ट्यूब आगीच्या बाजूने खातात. जूनच्या आधी काजळी ब्रशने पूर्ण काढून, बॉयलर रिकामा करून मंद जाळाने सुकवायचा, आत पत्र्याच्या ताटल्यांत कळीचा चुना ठेवायचा, सगळी तोंडं आणि चिमणी बंद करायची. चुना फुलून भुकटी झाला की बदलायचा. या कामासाठी आम्ही दर मे अखेरीस माणूस पाठवतो, बॉयलर आमचा असो वा दुसऱ्याचा.

सध्या शेडमध्ये मालवणच्या एका ग्राहकाचा बॉयलर उभा होतो आहे. त्यांना तेल काढलेल्या टरफलाची पेंड जाळायची आहे. ज्वाळा आखूड, राख जास्त, म्हणून जाळीच्या सळ्यांमधली फट आणि राख ओढायचं दार दोन्ही नव्याने आखलं. भट्टीच्या बाजूच्या भिंती या वेळी पाण्याच्या नळ्यांच्या केल्या आहेत. हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, व्हायची आहे.

नवीन चौकशीसाठी येणाऱ्यांना एक विनंती. येताना दोन बाटल्या पाणी आणा, एक पावसाळ्यातलं आणि एक मे महिन्यातलं, त्याच विहिरीचं. सोबत जे जाळणार त्याची पिशवीभर वानगी. किती वाफ हवी ते आपण बसून ठरवू.