चौदावा अध्याय

दुपारी कपाट सरकवलं ते मुलीचा खोडरबर शोधायला. खोडरबर मिळाला नाही, भिंतीला आलेली ओल मिळाली. चांगली हातभर पसरलेली. मध्ये हिरवट, कडेने लालसर, वरच्या रंगाचे पोपडे सुटलेले. हात लावायचा नसतो हे ठाऊक असूनही मी बोट लावलं. पोपडा गळला आणि आतला गिलावा दिसायला लागला. ओलीचं हे असंच असतं, बघायला गेलं की वाढते.

अशा वेळी कोणत्याही शहाण्या बाईला आधी प्लंबर आठवावा. मला बायबलातलं लेवीय हे पुस्तक आठवलं.

‘एका वर्षात संपूर्ण बायबल’ हा संकल्प ज्यांनी कधी ना कधी सोडला आहे, त्यांना लेवीय म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. कागदावर हिशेब सोपा असतो. 66 पुस्तकं, 1189 अध्याय, रोजचे सव्वातीन पडतात. उत्पत्तीचे 50 अध्याय कसे गेले कळतसुद्धा नाही. भावाभावांची भांडणं, सख्ख्या बहिणी सवती झालेल्या, विहिरीवरच्या भेटी, वाटणीवरून धुसफूस, सगळं आपल्याच घरातलं वाटतं. निर्गमाचे 40, त्यातले निम्मे पळत जातात. मग निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची मापं सुरू होतात, पडदे, कड्या, आकडे, खुंट्या, आणि आपण डुलक्या काढायला लागतो. जानेवारी संपता संपता लेवीयाच्या दारात उभं राहावं लागतं. होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण. कुठली चरबी जाळायची, रक्त कुठे शिंपडायचं. इथे बायका गळतात. पुरुषही गळतात, पण ते कुणाला सांगत नाहीत.

डंडी गावच्या रॉबर्ट मरे मॅकचेन नावाच्या स्कॉटिश पाळकाने 1842 साली आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या वाचनाचं वेळापत्रक आखलं. ते अजून जगभर वापरलं जातं. रोज चार अध्याय, चार वेगवेगळ्या ठिकाणचे. दोन कुटुंबात मिळून वाचायचे, दोन एकांतात. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. त्यात लेवीय मार्चच्या शेवटी येतं, म्हणजे गळायला दोन महिने जास्तीचे मिळतात. मॅकचेन फार तळमळीचा माणूस, वयाच्या 29व्या वर्षीच गेला. पण त्याचं लग्न झालेलं नव्हतं, हे ‘एकांत’ हा शब्द वाचल्यावर आपल्या लगेच लक्षात येतं.

एकांताचं खरं सुझॅना वेस्लीला विचारावं. मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्लींची ही आई. 19 लेकरांना जन्म दिला, त्यांतली जवळजवळ निम्मी तान्हेपणीच गेली. उरलेल्यांना घरीच शिकवलं. ती प्रार्थना करताना एप्रन डोक्यावरून ओढून घ्यायची, आणि एप्रन वर दिसला की आईला हाक मारायची नाही हे मुलांना कळायचं, असं सांगतात. मी एकदा ओढणी डोक्यावरून घेऊन पाहिली. मुलगी ओढणीच्या आत येऊन बसली आणि विचारू लागली, “आई, आपण काय खेळतोय?”

संकल्पांचं आणि माझं एकूणच जमत नाही. मागे महिलांच्या संगतीत एका ताईंनी सगळ्यांना कोरे कागद वाटले आणि वर्षाची ध्येयं लिहायला सांगितली. तीन रकाने होते: आध्यात्मिक, कौटुंबिक, वैयक्तिक. आजूबाजूच्या बायका भराभरा लिहायला लागल्या. मी बराच वेळ पेन चावत बसले आणि मग ‘झोप’ हा शब्द तिन्ही रकान्यांत लिहिला. ताई हसल्या. मी विनोद केला नव्हता. करमेल डोंगरावरच्या प्रकरणानंतर एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला ध्येय लिहायला सांगितलं नाही. झोपू दिलं, उठवून खायला घातलं, आणि परत झोपू दिलं. हे मी ताईंना सांगायला हवं होतं, पण अशा गोष्टी घरी परतताना सुचतात.

तर लेवीय. मी तिथे नेटाने टिकले त्या वर्षी तेराव्या अध्यायाशी आले. 59 वचनं, सगळी चट्ट्यांची. अंगावरच्या, मग कपड्यांवरच्या. आणि चौदाव्याच्या मध्यावर, जिथे कुणी सहसा जागं नसतं तिथे, देव मोशे आणि अहरोनाशी घराच्या भिंतींबद्दल बोलायला लागतो. हिरवट किंवा तांबूस डाग, भिंतीच्या आत खोल गेलेले. मी उठून बसले. धर्मशास्त्रात भिंतीची ओल! याजकाने, म्हणजे पुरोहिताने यायचं, पाहायचं, घर सात दिवस बंद ठेवायचं. सातव्या दिवशी डाग पसरलेला असेल तर ते दगड काढून नगराबाहेर टाकायचे, आतून सगळं घर खरवडायचं, दुसरे दगड बसवायचे, नवा गिलावा करायचा. तरी परत आलाच, तर घर पाडायचं. नाही आला, तर दोन पक्षी, गंधसरूचं लाकूड, किरमिजी रंगाचं सूत आणि एजोब नावाची वनस्पती घेऊन घर शुद्ध करायचं. मधल्या काळात त्या घरात जो निजला किंवा जेवला त्याने आपले कपडे धुवायचे. म्हणजे काहीही झालं तरी शेवटी धुणं आलंच.

यातलं मला सगळ्यांत आवडलेलं वाचन मी पुन्हा पुन्हा करते. घरमालकाने याजकाकडे जाऊन काय म्हणायचं, तर माझ्या घरात काहीतरी चट्ट्यासारखं दिसतंय. ‘सारखं’. खात्रीने नाही. आपणही नवऱ्याला असंच सांगतो, तिथे जरा ओल आल्यासारखी वाटतेय. आणि मग याजकाची पहिली आज्ञा: मी यायच्या आत घर रिकामं करा. कारण तो आत आला, त्याने पाहिलं आणि अशुद्ध ठरवलं, तर घरातली एकूण एक वस्तू अशुद्ध. आधी बाहेर काढली ती वाचली. म्हणजे खुद्द नियमशास्त्रानेच घरच्या बाईला आवरायला वेळ दिलेला आहे! मिश्ना या यहूदी नियमांच्या जुन्या संग्रहात रब्बी मेईर विचारतात की एवढं करून वाचवायचं काय, तर म्हणे मातीची भांडी. कपडे काय, लाकडी वस्तू काय, पाण्याने शुद्ध करता येतात. मातीचं भांडं एकदा विटाळलं की फोडावंच लागतं. तेव्हा देवाला काळजी कशाची, तर गरिबाच्या मडक्याची आणि सुरईची. स्वयंपाकघरात उभं राहून हे वाचलं की बरं वाटतं.

पाहुणे येण्याआधी घर रिकामं करण्याच्या कलेत माझ्या आईचा हात कुणी धरला नसता. पाळकसाहेब घरभेटीला येणार असा निरोप आला की ती एक चादर अंथरायची. खुर्च्यांवरचे कपडे, वह्या, विणकाम, औषधाच्या बाटल्या, वडिलांचे कागद, जे दिसेल ते चादरीत, चादरीचं गाठोडं, गाठोडं पलंगाखाली. मग केसांवरून हात फिरवून ती दारात उभी, जणू हे घर असंच असतं. एकदा पाळकसाहेब बसले, विचारपूस झाली, आणि म्हणाले, “चला, आपण वचन वाचू. तुमचं बायबल आणता का?” आईचा चेहरा मला अजून दिसतो. बायबल गाठोड्यात होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी पलंगाखाली सरपटत गेले, आणि अंधारात गाठ सोडता येईना. बाहेर पाळकसाहेब शांतपणे वाट बघत होते, भाऊ मोठमोठ्याने हसत होता. बायबल घेऊन निघाले तेव्हा लोकरीचा धागा त्याला अडकून बरोबर आला, मागून सुया खणखणत आल्या.

पाळकसाहेबांनी धागा बाजूला केला, काही म्हणाले नाहीत, आणि 127वं स्तोत्र काढलं. परमेश्वर घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ. छान प्रार्थना केली, गेले. दार लावल्यावर आई म्हणाली, “बांधणाऱ्यांचं ठीक आहे, भाडं भरणाऱ्यांचं काय ते कुठे लिहिलंय का?”

आम्ही कायम भाड्याच्या घरात. वडिलांची बदलीची नोकरी. दर काही वर्षांनी गाठोडं पलंगाखालून निघून ट्रकमध्ये जायचं. मालक बदलले तरी एक अट बदलायची नाही: भिंतींना खिळे ठोकायचे नाहीत. आईकडे एक चौकट होती, तिच्या लग्नात कुणीतरी दिलेली. तिच्यात यहोशवाच्या पुस्तकातलं ते सगळ्यांच्या घरी असतं तेच वचन, मी आणि माझं घराणं आम्ही तर परमेश्वराची सेवा करू. मागे टांगायला पितळी कडी होती. त्या कडीचा उपयोग कधी झाला नाही. चौकट टेबलावर भिंतीला टेकवलेली असायची आणि दार जोरात लागलं की तोंडावर पडायची. आम्ही मुलं ती उभी करायचो. वडील म्हणायचे, एखादा खिळा ठोकू या, मालकाला काय कळतंय. आई म्हणायची, घराण्याने सेवा करायचीय तर मालकाला न कळवता नको. आपल्या घरात ठोकू.

चौदाव्या अध्यायातल्या त्या भिंतींच्या कलमाची सुरुवात मी वाचली होती, पण तिच्यावरून नजर नुसतीच गेली होती. कपाटामागे बसून ती मला नीट आठवली. तुम्ही कनान देशात पोहोचल्यावर, असं ते कलम सुरू होतं. ऐकणारे कोण, तर त्या वचनदत्त देशाच्या वाटेवर, वाळवंटात तंबूत राहणारे लोक. भिंत कुणाकडेच नाही. कनातीला ओल धरली तर काय करायचं ते कुणी विचारलंही असेल, पण देव बोलतोय दगडामातीच्या भिंतींबद्दल, गिलाव्याबद्दल, अजून न पाहिलेल्या घरांबद्दल. आणि घर मिळेल एवढंच सांगून थांबत नाही, त्याला ओल येईल हेही त्याच दमात सांगतो. वर म्हणतो की तो डाग मीच पाडीन. या वाक्यावर प्रवचन ऐकल्याचं मला आठवत नाही. राशीने, म्हणजे अकराव्या शतकातल्या त्या थोर यहूदी भाष्यकाराने, याची मोठी मजेदार उकल दिली आहे: कनानातल्या मूळ रहिवाशांनी भिंतींत सोनं लपवून ठेवलं होतं, डाग पडला म्हणून भिंत फोडली की ते सापडणार, तेव्हा ही बातमी शुभच. मी आमच्या भिंतीचा आणखी थोडा पोपडा काढून पाहिला. आत वीट होती.

राशीचं सोनं मला फारसं पटत नाही. वचनदत्त देशातल्या घराला ओल येते, एवढं मात्र एकदम पटतं. आपण ध्येयं लिहितो त्यात हे कधी नसतं. स्वतःचं घर, असं लिहितो. स्वतःच्या घराचा नळ कपाटामागे गळतोय, असं लिहीत नाही. मुलं व्हावीत, असं मागतो. खोडरबर मागत नाही. नीतिसूत्रांच्या 31व्या अध्यायातली ती सद्गुणी बाई, जिच्यावरून दर मातृदिनी आपल्याला मोजलं जातं, पहाटे उठते, शेत घेते, द्राक्षमळा लावते, तिचा दिवा रात्री विझत नाही. मूळ हिब्रूत त्या 22 वचनांची सुरुवात वर्णमालेच्या 22 अक्षरांनी क्रमाने होते. म्हणजे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बाई कामात. पण तिच्या घराला ओल आल्याचा उल्लेख नाही. तिला दासी होत्या, हा उल्लेख मात्र आहे, आणि तो प्रवचनात राहून जातो.

लेवीयातल्या या भिंतींच्या कलमात बायकांचा तर उल्लेखच नाही. पण मोशेने हे सांगितलं तेव्हा त्या होत्याच ना, मागे, कडेवर मूल घेऊन. हिरवट, तांबूस, सात दिवस, नवा गिलावा, हे कान देऊन ऐकत असतील. पुरुषांनी नियम म्हणून ऐकलं असेल. त्यांनी घर म्हणून ऐकलं असणार. कुठल्या भिंतीशी चूल, कुठे मडकी. पुढे गणनेच्या पुस्तकात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. वीस वर्षांवरचे, मोजदाद झालेले, सगळे वाळवंटातच संपतात. कनानात पोहोचतात त्या पिढीतले दोघे, कालेब आणि यहोशवा. बायकांची मोजदाद झाली नव्हती, त्यामुळे त्यांचं नेमकं काय झालं ते लिहिलेलं नाही. चाळीस वर्षं मात्र त्यांच्यावरूनही गेली. एवढ्या बारकाईने भिंती सांगितल्या आणि त्यांतल्या बहुतेकींना भिंत मिळाली नसणार. यहोशवाला मिळाली, म्हणून तो ‘मी आणि माझं घराणं’ म्हणू शकला.

पाळकसाहेबांना विचारलं तर ते इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय काढतील. वचनफळं न मिळताच ती सर्व विश्वासात मेली, त्यांनी ती दुरून पाहिली आणि त्यांना वंदन केलं. तो मला पाठ आहे. आईच्या प्रेतविधीत तोच वाचला होता, भाड्याच्या घरातून तिला नेलं त्या दिवशी. खोटं आहे असं मी म्हणत नाही. ती विश्वासातच गेली, दुरून पाहत गेली, सगळं खरं. पण तिला एक खिळा ठोकायचा होता.